सहा कोंबड्या आणि काकाजी

३ ऑगस्ट १९५५
अंडी चार. दोन यांना आज, दोन उद्याला. सेवाग्रामच्या डॉक्टरांनी घरी सोडताना बजावलं होतं, छाती सुधारायची तर रोज दूध, अंडं, आराम. दूध झेपत नाही. आराम म्हणजे बाजेवर पडून राहणं, ते चालूच आहे. राहिलं अंडं. म्हणून ह्या सहा कोंबड्या, नाहीतर आमच्या सात पिढ्यांत कुणी पाळल्या नव्हत्या.
संध्याकाळी शेजारचे काकाजी कुंपणावरून, "बाई, तुमच्या कोंबड्यायपायी उंदरं माजले. आमच्या गव्हाच्या कोठीले भोक पाडलं." उलटून बोलायची सोय नाही. पंचायतीचे मेंबर ना ते.

५ ऑगस्ट
दाणे तेलाच्या डब्यात, झाकणावर दगड. दोन मुठी सकाळी, दोन दुपारी. दिवेलागणीआधी अंगण झाडते, दाणा म्हणून ठेवत नाही. खुराडं मोडक्या बाजेच्या पायांवर चढवलं. बिळांत काचा कोंबून वर माती लिंपली. बोट कापलं. वर्गात मुली विचारतात, बाई काय लागलं? काय सांगू.

९ ऑगस्ट
अंडं एकच. दोन फोडून चाटलेली. इतकं करून उंदीर वाढतातच कसे? संतापाने रडू आलं.
काकाजी आजही आले. यांच्या बाजेपाशी तासभर, पेपर वाचून दाखवला. पाणी विचारलं तर "नको, नको." अंडी येतात त्या घरचं पाणी चालत नाही. बसणं चालतं.

१३ ऑगस्ट
काकाजींनी पंचायतीत अर्ज दिला. कोंबड्या वस्तीतून हलवा. बुधवारी चारला बैठक. आणि अर्ज देऊन सरळ आमच्याकडे पेपर वाचायला! कमाल आहे. हे म्हणतात, "जाऊ दे." काय जाऊ दे? अंडी?

१६ ऑगस्ट
सकाळी मागे राख टाकायला गेले. काकाजी नाल्याकाठी, आमच्या खुराड्यापासून पंधरा पावलांवर. हातात उंदरांचा पिंजरा. दार उघडलं. तीन निघाले, तिन्ही सरळ आमच्या कुंपणाखाली.
"काकाजी, हे काय?"
"मारत नाई आम्ही, बाई. जीव हाय तो. रोज नाल्यावर सोडून देतो. जातेत जंगलात."
जंगलात! चेहरा अगदी भोळा. लबाड असते तर बरं होतं, कडाकडा भांडले असते.
घरात येऊन यांना सांगितलं. हे भिंतीकडे तोंड करून, "मले मालूम हाय. खिडकीतून दिसते रोज."
"मंग बोल्ले काऊन नाई?"
"बोल्लो तर येनं बंद करतील. दवाखान्यातून आलो तवापासून माह्या सख्ख्या भावानं उंबरा ओलांडला का? एक ते येऊन बसतेत."
आणि मी? तोंडाशी आलं होतं. पण खरंच, शाळा, चूल, खुराडं... मी कुठे बसते.

१७ ऑगस्ट
अर्धी रजा टाकली. पिंजऱ्याचं सांगितलं तर कोंबड्या राहतील, पण चारचौघांत काकाजींचं हसं होईल. मानी माणूस, परत पाऊल टाकणार नाहीत. नाही सांगितलं तर कोंबड्या गेल्या. यांना विचारलं. "तुले वाटन तसं कर." फार राग आला. जीव यांचा, नि ठरवायचं मी.
साडेतीन. काकाजी बाजेपाशी. काहीतरी वाचलं नि हे हसले. मोठ्याने, मधे खोकला नाही. मी स्वयंपाकघरात नुसती उभी राहिले. किती महिने झाले हा आवाज ऐकून...
काकाजी हाक मारताहेत, "बाई, चाला. बैठकीले सोबतच जाऊ." यांनी दारातून माझ्याकडे पाहिलं. चपला घालते.