दादाने केलेली खुर्ची

प्रिय दादा,

सुतार आहेस म्हणून काय झालं? माझ्या कण्यात स्क्रू बसले आणि तू लगेच खुर्ची करून पाठवलीस! वर निरोप, "भाषणं आता बसून कर." मी तिच्यावर कपड्यांचा ढीग रचला आणि चार महिने तुझ्याशी बोलले नाही.

व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं होतं, "मणके छान जुळलेत. पण ऑपरेशनमध्ये बाजूला ओढलेले पाठीचे स्नायू दुबळे आहेत. ते लवकर थकणार." मी म्हटलं, माझे स्नायू युनियनचे आहेत!

काल कारखान्याच्या फाटकावर सभा होती. दिवसभर उभ्याने डबे भरणाऱ्या बायकांना बसायला खुर्च्या द्या, ही मागणी. मी उभ्याने गरजत होते. अकराव्या मिनिटाला पाठ थरथरू लागली. पुढे बसलेली म्हातारी ओरडली, "अगं, आमच्यासाठी खुर्ची मागतेस, मग स्वतः बस की!"

सगळ्या खदखदून हसल्या. मीही हसले. घर समोरच, म्हणून दोघींनी जाऊन तुझी खुर्ची आणली. मी बसले आणि फाटकात येऊन उभ्या राहिलेल्या मॅनेजरला विचारलं, "माझ्या पाठीत लोखंड आहे, तरी ती अकरा मिनिटांत थकली. यांच्या पाठीने आठ तास काय म्हणून सोसायचं?"

त्याने चाळीस खुर्च्या कबूल केल्या.

हे पत्र पोस्टात टाकणार नाही. तू ते वहिनीला मोठ्याने वाचून दाखवशील. त्यापेक्षा उद्या स्वतःच येते. चाळीस खुर्च्यांचं काम तुलाच घ्यायचंय. माप मात्र माझ्या खुर्चीचंच ठेव.

तुझी हट्टी, पण आता बसलेली,
धाकटी