तिसऱ्या किडनीचे काय करावे

मी, सुलक्षणा पोपटराव शितोळे, वय बासष्ट, माहेर दौंडची रेल्वे कॉलनी, सासर मांडवगण फराटा, तालुका शिरूर, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. शंका असल्यास माझ्या वन्सं दगडाबाई यांना विचारावे. त्यांचे एकही बोलणे मी विसरलेले नाही.

१. घर व नदीकाठची शेती मुलगा इंद्रजीत यास. गुलाबाचा मळा मात्र सून ऋतिकाचा; इंद्रजीतला त्यात फक्त काटे दिसतात.

२. भरतकामाचा डबाही ऋतिकाला. दौंडच्या कॉन्व्हेंटमध्ये इंजिनाची शिट्टी झाली की सिस्टर शिकवणे थांबवायच्या. तेवढ्यात माझे दोन टाके व्हायचे.

३. आता किडनी. माझ्या पोटात तीन आहेत. दोन माझ्या, सेवानिवृत्त. तिसरी एका अनोळखी मृत माणसाची. त्याला सी प्रकारच्या काविळीचा विषाणू होता. पूर्वी अशी किडनी टाकून देत. पुण्याच्या डॉक्टरांनी सगळे समजावून, माझी संमती घेऊन ती बसवली, तीन महिने गोळ्या दिल्या आणि विषाणू गेला. वन्संच्या मनातून गेला नाही. परक्याचे दुखणे घरात आणले म्हणून त्यांनी माझा कप वेगळा केला, निळ्या काठाचा. अजून वेगळाच आहे.

४. माझ्या मागे ही किडनी, यकृत, डॉक्टरांना चालेल ते सर्व द्यावे. तपासणे, औषध देणे ते बघतील. सही इंद्रजीतची लागेल, आणि तो आत्याला विचारल्याशिवाय विहिरीची मोटारही चालू करत नाही.

५. आपल्याकडे मृत्युपत्र तेराव्यानंतर उघडतात. मामंजींचेही तसेच उघडले. स्वतःचे डोळे दान करावेत, असे त्यात होते. म्हणून हे आजच, चहाच्या वेळी, माझ्यादेखत वाचावे.

६. (वाचन झाल्यावर लिहिलेले.) इंद्रजीतने आत्याकडे पाहिले. मामंजी वन्संचे वडील. मग त्यांनी माझा निळ्या काठाचा कप उचलला, उरलेला चहा पिऊन टाकला.

"पार निवलाय की," म्हणाल्या. "आन् आंगठा कुठं करायचा, ते दाव."

सबब, सदर कप आजपासून घरातल्या इतर कपांत ठेवावा.

सही: सुलक्षणा पोपटराव शितोळे

साक्षीदार:
१. दगडाबाई, नणंद (डाव्या हाताचा अंगठा; चहाचा डाग त्यांचाच)
२. सावळाराम, शेजारी (सही)

मांडवगण फराटा, रविवार, १२ जानेवारी २०२५