सर्दावलेली काडतुसं

अण्णा,

मागच्या पत्रात मी तुम्हाला लिहिलं होतं की त्या रविवारी अवकाळी भुरभुर आली आणि काडतुसांचा डबा मी गच्चीवरच विसरले. ते चुकीचं होतं. लिहिताना मी खोटं बोलत नव्हते. मला ती भुरभुर आठवत होती, डब्याच्या झाकणावरचे थेंबसुद्धा आठवत होते. पण त्या रविवारी पाऊस आलाच नव्हता. आईने त्याच गच्चीवर, डब्याच्या शेजारी, जुन्या पातळावर कुरडया घातल्या होत्या. चार थेंब जरी पडले असते तरी त्यांचा चिकट लगदा झाला असता. त्या कुरडया आपण पुढे वर्षभर तळून खाल्ल्या, तुमची नोकरी गेल्यावरसुद्धा, आणि त्या छान फुलत होत्या. ते पत्र माफी मागण्यासाठी लिहिलं होतं. ते मी फाडलं आहे. हे माफीचं नाही.

देवळालीच्या तोफखान्यातून निवृत्त होऊन तुम्ही पेठ रस्त्यावरच्या बँकेत पहारेकरी लागलात तेव्हा मी शाळेतही जात नव्हते. बँकेला स्वतःची बंदूक असलेला माणूस हवा होता आणि तुमच्याकडे परवान्याची दुनळी होती. सुट्टीच्या दिवशी आई चुलीपाशी भाकरी थापायची, तुम्ही वर्तमानपत्र पसरून बंदूक साफ करायला बसायचात, आणि मी तुमच्यासमोर रिकामी काडतुसं ओळीत मांडून बेरजा करायचे. माझी पहिली शाळा तीच. लाल कागदी नळी, पितळी बूड, बुडाच्या मधोमध शर्टाच्या बटणाहून लहान टोपी. तुम्ही माझं बोट धरून त्या टोपीवर फिरवलंत. "खळगा लागला? चाप ओढला की आतली पिन इथे आपटते." मी विचारलं, आणि काडतूस उडालंच नाही तर? तुम्हाला माझा प्रश्न इतका आवडला की तुम्ही आईला हाक मारून तो परत विचारायला लावलात. मग म्हणालात, "तरी खळगा पडतोच. बार होवो न होवो, चाप ओढल्याची खूण टोपीवर राहते." आई म्हणाली, "पोरीला पळीपोलपाट शिकवा, तेवढं तरी उपयोगी पडेल." तुम्ही हसलात. मीही हसले. तेव्हा आपलं घर हसायचं.

दुसरा धडा मला मार खाऊन मिळाला. मी केरसुणी खांद्याला लावून आईवर रोखली आणि तोंडाने ठो केलं. तुम्ही उठून माझ्या हातावर चापट मारलीत, आयुष्यातली एकच. "केरसुणी असली तरी माणसावर रोखायची नाही. आणि रोखायची वेळ आलीच, तर आधी काय बघायचं?" मी रडत म्हणाले, समोरचा माणूस. "नाही. त्याच्या मागे कोण उभं आहे ते." हे तुम्ही माझ्याकडून इतक्या वेळा म्हणवून घेतलंत की आजही रस्त्यात कुणी भेटलं की माझी नजर आधी त्याच्या मागे जाते. लोकांना वाटतं माझं लक्ष नाही. काडतुसं वाळवायचं काम तुम्ही मला दिलंत तेव्हा मी नऊ वर्षांची होते. कागदी काडतूस दमट हवेत फुगतं म्हणून सुट्टीच्या दिवशी डबा उघडून कोवळ्या उन्हात ठेवायचा, ऊन कडक व्हायच्या आत खाली आणायचा, बंदुकीच्या जवळ ठेवायचा नाही. एकदाही मी चुकले नाही, अण्णा. हे वाक्य मला बारा वर्षांत लिहिता आलं नव्हतं.

बँकेवर दोघेजण आले त्या दिवशी मी शाळेत होते. एकाकडे कोयता होता, दुसऱ्याकडे गावठी कट्टा. कॅशियरकाकांनी पेटी सोडली नाही म्हणून त्यांच्या उजव्या हातावर कोयता बसला. तुम्ही दारात होतात, बंदूक भरलेली होती, आणि बार झाला नाही. संध्याकाळच्या आत दोघे पकडले गेले, पैसे परत आले, आणि मग तुमच्या काडतुसांकडे बघायची कुणाला गरज उरली नाही. तुम्ही घरी आलात. उंबऱ्यावर बसून बुटाच्या नाड्या सोडत होतात, मी दप्तर घेऊन तुमच्या मागे उभी होते. आई म्हणाली, "अहो, हातात बंदूक होती ना?"

"दोन्ही चाप ओढले. नुसतं टिक झालं. सर्दावली होती काडतुसं." मग नाडीची गाठ सुटत नव्हती म्हणून तुम्ही खाली बघूनच म्हणालात, "रविवारी भुरभुर आली होती. डबा वर राहिला असेल."

तुम्ही माझं नाव घेतलं नाहीत. घ्यायची गरजच नव्हती. डबा वाळवायचं काम घरात एकाच माणसाचं होतं.

आई म्हणाली, "भुरभुर?" एवढंच. तुमच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि आत जाऊन चहाचं आधण ठेवलं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही जिलबीचा पुडा आणलात. सणवार नसताना आपल्याकडे जिलबी कधी येत नव्हती. पुडा माझ्या हातात दिलात आणि बाहेर गेलात. मला वाटलं, तुम्ही मला माफ केलंत. मी ती सगळी एकटीने खाल्ली, रडत रडत, बोटं चाटत. आता कळतंय की त्या दिवशी माफी मी नव्हते मागत, तुम्ही मागत होतात, आणि ती मला कळू नये अशी तजवीज करून मागत होतात.

कॉलनीत महिनाभर दुसरा विषय नव्हता. नळावर बायका म्हणायच्या, "बंदूक कसली बाई, पिचकारी ती! रंगपंचमीला मागून आणू." शाळेत मुलं मला बघून शिंकायची, काडतुसांना सर्दी झाली म्हणून. बँकेने तुम्हाला काढलं. आई प्रत्येकाला एकच सांगायची, "लहान होती हो ती. तिला काय कळतंय." मी जवळ उभी असताना सांगायची, माझ्या डोक्यावरून हात फिरवत. कॅशियरकाकांची दोन बोटं कायमची ताठ राहिली. ते दिसले की मी गल्ली बदलायचे. एकदा त्यांनी मला गाठलंच. डाव्या हाताने खिशातून गोळी काढून दिली आणि म्हणाले, "सगळं स्वतःवर कशाला घेतेस गं? तू काय तिथे होतीस?" मला ते सांत्वन वाटलं. पण ते तिथे होते, अण्णा. तुमच्या समोर होते. तुमचं बोट त्यांनी पाहिलं असणार. त्यांनीही तुम्हाला सांभाळून घेतलं. सगळ्यांनी तुम्हाला सांभाळून घेतलं.

दोन वर्षांनी तुम्ही गेलात, कांद्याच्या गोदामावर काठी घेऊन बसलेले असताना. बंदूक आणि उरलेली काडतुसं मामाने रीतसर जमा केली. मी मोठी झाले, डी.एड. केलं, प्राथमिक शाळेत लागले. सकाळी बसथांब्यावरून परत येऊन गॅसचं बटण बघते, पुन्हा जाते, पुन्हा येते. वर्गातली मुलं सुटताना एकेकाला हात लावून मोजते. बरोबरच्या बाई हसतात, "अहो, गॅस घरी आहे की तुमच्या डोक्यात?" आणि घरी आई कुलपाची किल्ली अजून माझ्या हातात देत नाही. "राहू दे. मी लावते." मी चोवीस वर्षांची होईन आता.

गेल्या आठवड्यात घराला चुना द्यायचा म्हणून माळा उपसला. तुमच्या फौजी ट्रंकेत, गरम कोटाच्या घडीत, तुमचा खाकी रुमाल सापडला, गाठ मारलेला. आत दोन काडतुसं. जमा करताना ती कुणाच्या ध्यानात आली नसणार. त्या दिवशी दुनळीतून काढलेली ती तुम्ही डब्यात परत ठेवलीच नव्हतीत. मी शिडीवर उभी होते. लाल कागद कुठेही फुगलेला नाही. मी ती उलटी केली. आधी डोळ्यांनी बघितलंच नाही, तुम्ही शिकवल्याप्रमाणे बोट फिरवलं. दोन्ही टोप्या सपाट. गुळगुळीत. एकाही चापाला तुम्ही बोट लावलं नव्हतं.

तेव्हापासून मी एकच विचार करते आहे. पगाराचा दिवस होता, बँकेत रांग होती. कदाचित त्या कट्टेवाल्याच्या मागे कुणी बाई पोर कडेवर घेऊन उभी असेल. कदाचित तुम्ही तेच बघितलंत, जे मला बघायला शिकवलंत. पण मग घरी येऊन मला सांगितलं का नाहीत? तो माझाच धडा होता. मला तो पाठ होता. साऱ्या नाशकात तुमचं खरं मानणारी मीच एक होते, आणि तुम्ही नेमकं मलाच पुढे केलंत. किंवा तुम्ही घाबरलात. फौजेत वर्षं काढलेला माणूस कोयता बघून थिजला. तेही मला चाललं असतं. अकरा वर्षांच्या मुलीला बाप भित्रा चालतो. ती त्याचा हात धरून शाळेत गेली असती आणि मुलं शिंकली असती तर तीही शिंकली असती. यातलं खरं काय ते मला कधीच कळणार नाही, कारण तुम्ही तिसरंच काही निवडलंत: सर्दावलेली काडतुसं आणि विसराळू पोर.

आता ही काडतुसं घरात ठेवणं गुन्हा आहे. परवाना तुमच्याबरोबर संपला. मला रात्री झोप लागत नाही. पोलीस येतील असं वाटतं, आग लागेल असं वाटतं. ती चौकीत द्यायला हवीत. पण ती दिली की टोप्या गेल्या, आणि माझ्याकडे दाखवायला काही उरणार नाही. आईला दाखवायचं तर त्याआधीच. आई अजून रोज तुमचा फोटो पुसते. तिने तेव्हा "भुरभुर?" विचारलं होतं, आणि त्या कुरडया तिने स्वतःच्या हाताने गोळा केल्या होत्या, कडकडीत वाळलेल्या. तिला माहीत असेल तर ती बारा वर्षं माझ्या डोक्यावरून कसला हात फिरवत होती? आणि माहीत नसेल, तर तिच्याकडे उरलेला नवरा मी काढून घेणार आहे.

एक सांगून टाकते. काल संध्याकाळी आई विहारात गेली होती तेव्हा मी एक काडतूस मांडीवर उलटं धरलं आणि हातात खिळा घेतला. दोन टोप्यांवर दोन खळगे. मग तुम्ही खरे ठरला असतात, मी पुन्हा चुकलेली, आणि घर होतं तसं राहिलं असतं. मी टोक टेकवलंही होतं. पण खिळ्याच्या समोर माझाच हात होता आणि मागे भिंतीवर तुमचा फोटो. मी खिळा परत खिळ्यांच्या डब्यात टाकला.

उद्या चुना देणारा येणार आहे, घरात पसारा असेल. परवा सोमवारी शाळा सुटली की रुमाल आईसमोर ठेवीन. टोप्यांबद्दल आधी काही बोलणार नाही. तिला एवढंच विचारीन, त्या वर्षीच्या कुरडया भिजल्या होत्या का. ती काय म्हणेल ते ऐकून घेईन, आणि मग दोघी मिळून चौकीत जाऊ, सोमवारीच.