मागच्या सीटवरचं दही

श्रीरामपूर,
गुरुवार

प्रिय पार्थ,

फोन तू उचलत नाहीस. मेसेज वाचतोस हे त्या दोन निळ्या खुणांवरून कळतं, पण उत्तर द्यायचं म्हटलं की साहेबांची बोटं दुखतात. म्हणून शेवटी कागद घेतला. माझं अक्षर बघून शाळेत गुरुजी म्हणायचे की कोंबडीच्या पायाला शाई लावून सोडलीय. तेव्हा लागेल तेवढा वेळ घे, पण शेवटपर्यंत वाच. मधेच टाकून दिलंस तर पुण्याला येऊन तुझ्या सोसायटीच्या गेटवर उभा राहून मोठ्यानं वाचीन. माझा आवाज तुला ठाऊक आहे.

पहिली गोष्ट सांगतो. बसलेला असशीलच, तरी खुर्चीचे ब्रेक लाव. तुझी गाडी भंगारात गेलेली नाही. तात्यांनी ती मोडीत घातली असं तू धरून चाललायस, मीही धरून चाललो होतो, सगळं कोल्हार तेच सांगत होतं. ती तुमच्या वस्तीवरच होती, गोठ्याच्या मागच्या अंगाला, ताडपत्रीखाली, वर उसाच्या वाढ्यांचा ढीग. गोठ्यात शेण काढायला येणाऱ्या बायकांनासुद्धा पत्ता नव्हता. अपघातानंतर ज्या माणसानं तिच्याकडे बघून थुंकलेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, त्यानं ती एवढे दिवस झाकून ठेवली होती. का, ते मला तेव्हा कळलं नाही आणि मी विचारलंही नाही.

दिवाळी संपल्यावर एका सकाळी मी गॅरेज उघडून चहा घेत होतो. समोरून ट्रॅक्टर आला. ट्रॅक्टरवर गहिनीनाथ तात्या, डोक्यावर टोपी, गळ्यात उपरणं, आणि मागे जाड दोराला बांधलेली तुझी पिकअप. कोल्हारपासून श्रीरामपूरपर्यंत ओढत आणलेली. माझा अर्धा चहा पँटवर सांडला. जो माणूस मला रस्त्यात बघून तोंड फिरवायचा, तुझं गाडीचं वेड मी वाढवलं म्हणून मला 'त्या गाडीचा दुसरा बाप' म्हणायचा, तो माझ्या दारात उतरला, टोपी झटकली आणि म्हणाला, "नोहा, हिचे शॉक बदलायचेत. ते करंटवाले. नवे निघालेत ते."

मी म्हटलं, तात्या, हिला आहेत की करंटवाले शॉक ॲब्सॉर्बर, पार्थनंच बसवलेत. तर म्हणाले, "त्याचे जुने. एक बटन अन् दोन चाली, मऊ न्हाईतर कडक. आताच्यात परतेक चाक आपापलं बघतं. खड्डा आला का त्या चाकाला निरोप जातो, मऊ हो म्हनून. डोळ्याचं पातं लवायच्या आत." पार्थ, माझ्या गॅरेजात येणाऱ्या, गळ्यात कॅमेरे लटकवणाऱ्या हौशी पोरांनाही मला हे तासनतास समजवावं लागतं. आणि हा माणूस, ज्यानं आयुष्यात मोटारसायकलचं ऑइल स्वतः बदललं नाही, तो मला शिकवत होता. तुझ्या आईच्या, साळूकाकूंच्या मोबाईलवर म्हणे तो रोज गोठ्यात बसून ते व्हिडिओ बघत होता. इंग्रजी कळत नव्हतं, चित्रं कळत होती.

मला धक्का बसला आणि धक्क्यामागून संताप आला. खोटं कशाला सांगू? मला वाटलं म्हातारा तुझी गाडी विकायला काढतोय, कुणीतरी तालेवार गिऱ्हाईक गाठलंय. मनात म्हटलं, पोरगं तिकडे पुण्यात भिंतीकडे तोंड करून बसलंय आणि बाप इकडे त्याच्या गाडीला नटवतोय. तू हॉस्पिटलात त्यांना बोललास ते मी बाहेर बाकावर बसून ऐकलं होतं. "आता तरी समाधान झालं का तुमचं?" त्यानंतर तात्या वळले आणि जिना उतरून गेले ते गेलेच. काकू महिन्याला डबा घेऊन तुझ्याकडे येतात, तात्या एकदाही आले नाहीत, हे तू मला किती वेळा ऐकवलंस. मलाही तो माणूस दगडच वाटत होता. म्हणून मी कामाला हो म्हटलं, पण तोंड वाकडं करूनच.

गाडी उभी करण्यात थंडी गेली. छताचा चेपलेला टप सरळ केला, काचा बसवल्या, इंजिन सुरू झालं तेव्हा मात्र मला रडू आलं, ते असू दे. मग मागवलेले शॉक आले. चारी चाकांपाशी सेन्सर, मागच्या सीटखाली कंट्रोल बॉक्स, पुढे छोटासा स्क्रीन. तुला लाळ सुटेल असं काम झालंय. मी तात्यांना म्हटलं, चला हायवेवर फिरवून आणतो. म्हणाले, हायवे नको. पाटकडेच्या रस्त्यानं वस्तीवर चल.

तो रस्ता मी तुला सांगायला नको. उसाच्या ट्रॉल्यांनी पाडलेल्या गुडघाभर चाकोऱ्या, मधे ती मोरी, पुढे नांगरट केल्यासारखा तो तुकडा. तात्यांनी दोनदा पदरचा मुरूम टाकला, गळीत हंगाम सुरू झाला की ट्रॉल्या पुन्हा त्याचा चिखल करतात. याच रस्त्यानं तुला ॲम्ब्युलन्समधून शेवटचं घरी आणलं होतं. मी पुढे ड्रायव्हरशेजारी होतो. मोरीपाशी तू जे ओरडलास ते अजून माझ्या कानात आहे. दुसऱ्याच दिवशी परत जाताना तू म्हणालास की मेलो तरी या रस्त्यानं पुन्हा येणार नाही. आणि तू शब्दाचा पक्का, नाही आलास.

तर, मी स्टेअरिंगवर. तात्या पुढे बसतील म्हणून दार उघडलं, तर ते मागच्या सीटवर गेले आणि टोपी काढून, पाय पोटाशी घेऊन, चक्क आडवे झाले. डोळे मिटले. म्हणाले, "चालव. हळू न्हाई, ॲम्ब्युलन्स चालवत्यात तसं." मला वाटलं पाठ धरली असेल. वस्तीवर पोचलो तेव्हा उठून एवढंच म्हणाले, अजून लागतंय. मला सांग, मी काय समजायचं होतं?

पुढचा तमाशा ऐक. साळूकाकू घरातून मडकं घेऊन आल्या. आदल्या दिवशी लावलेलं दही, वरची साय अख्खी, सुरीनं कापावं असं कवडीचं. मागच्या सीटवर चुंबळ ठेवली, चुंबळीवर मडकं, आणि त्याला सीटबेल्ट लावला. स्क्रीनला हळदकुंकू लावायला निघाल्या होत्या, तेवढं मी हातापाया पडून थांबवलं. म्हणाल्या, हायवेपर्यंत जाऊन परत ये. मी गेलो, आलो. काकूंनी झाकण काढलं, आत बघितलं आणि म्हणाल्या, "मोडलं." कडेनं पाणी सुटलं होतं, साय फाटली होती. नव्या नवरी होत्या तेव्हा त्या याच रस्त्यानं डोक्यावर दह्याचं मडकं घेऊन कोल्हारच्या बाजारला जायच्या, मोडलेलं दही कुणी घेत नसे. त्यांच्या हिशेबी रस्ता तपासायची तीच एक रीत.

मी लॅपटॉप जोडून शॉक अजून मऊ केले. पुढच्या आठवड्यात पुन्हा मडकं, पुन्हा मोडलं. मागची बाजू हलकी ठेवली, तर डोलायला लागलं आणि दही मडक्याच्या काठावर चढलं. माझे आकडे सांगत होते सगळं झकास आहे, आणि काकू झाकण काढून मान हलवत होत्या. प्रार्थना मला घरी विचारायची, आज काय केलंत? मी सांगायचो, दही फिरवून आणलं. बायको माझ्याकडे काळजीनं बघायला लागली. शेवटी मी मनाशी ठरवून टाकलं की गाडी विकायची नाही, तात्यांना शिर्डीच्या हॉटेलांना दही पुरवायचं आहे. हस, हस. मी खरंच तसं धरून चाललो होतो. एवढे महागाचे शॉक दह्यासाठी लावणारा माणूस पंचक्रोशीत नाही, असं चार लोकांना सांगूनही आलो.

मागच्या पंधरवड्यात तात्यांचा फोन आला, गाडी लाकडासारखी झालीय. मी गेलो. खरंच, शॉक पार ताठ. सीट उचलली, बॉक्सला नाक लावलं, जळका वास. खाली वाकून बघितलं तर चेसिसला ताजं वेल्डिंग. मला क्षणात कळलं. आपल्याकडे ट्रॅक्टर-ट्रॉलीला वेल्डिंग करताना बॅटरीची वायर कोण काढतं? क्लॅम्प लावला की ठिणग्या सुरू. कोल्हार फाट्याच्या रंगनाथनं तसंच केलं होतं, आणि तो सगळा करंट माझ्या नव्या बॉक्सातून गेला होता. मी तात्यांना नको नको ते बोललो. वयाचा मान ठेवला नाही. सहा महिन्यांचं काम जाळलंत, हात लावायच्या आधी एक फोन करता येत नव्हता का, तुमच्या दह्यापायी मला वेड लागायची पाळी आलीय! ते मान खाली घालून उभे. एरवी मला उभा चिरला असता.

रंगनाथ तिथेच होता, घाबरून मागे सरकलेला. मी त्याला विचारलं, वेल्डिंग केलंस तरी कशाचं? तो म्हणाला, फळीचं. आणि त्यानं मागच्या दाराखालून ती ओढून काढली. घडीची लोखंडी फळी, सीटच्या उंचीला येऊन थांबणारी, आणि तिच्यापासून जमिनीपर्यंत दोन उतरते चॅनेल, पन्हळासारखे. मला वाटलं दुधाचे कॅन चढवायला. पण चॅनेलमधलं अंतर कॅनचं नव्हतं. मी विचारलं, माप कशाचं घेतलंस? रंगनाथनं गोठ्याकडे बोट दाखवलं. आत खुंटीशेजारी, पोत्यानं झाकलेली, चाकाची खुर्ची उभी होती. तुझ्या खुर्चीसारखीच, काकूंनी पुण्यात तिचा फोटो काढला होता, तो दुकानात दाखवून आणलेली. रंगनाथ म्हणाला, "तात्याच बसले हुते की खुर्चीत. मी ढकलत वर चढीवलं. मंग ते सरकून सीटवर गेले, परत खाली आले. लई येळा केलं. पाय हलवायचे न्हाईत म्हनले, पोराला हलवता येत न्हाईत."

पार्थ, मी तिथेच चिखलात बसलो. मला आधी काही ऐकू येईना, मग सगळंच एकदम ऐकू यायला लागलं. मागच्या सीटवर आडवं होणं, ॲम्ब्युलन्ससारखं चालव म्हणणं, ते मडकं. इतकी वर्षं गाड्यांत घालवून मला समोरचं दिसलं नाही. आणि मी त्या माणसाला दह्यावरून बोललो होतो. तात्या जवळ आले, माझ्या खांद्याला धरून उठवलं आणि विचारलं, "दुसरा डबा मिळंल का रं तसला?"

मिळाला. माझ्या ओळखीच्या एका माणसानं स्वतःच्या गाडीचा काढून दिला. काल तो बसवला आणि आज सकाळी मडकं घेऊन निघालो. मोरी, चाकोऱ्या, नांगरट, सगळं ॲम्ब्युलन्सच्या वेगानं. परत आलो तेव्हा काकू अंगणात उभ्या होत्या. त्यांनी झाकण काढलं आणि बराच वेळ आत बघत राहिल्या. मी विचारलं, मोडलं का? त्या मडकं पोटाशी धरून खाली बसल्या आणि मोठ्यानं रडायला लागल्या. मी डोकावलो. सायीला एक चीर नव्हती.

आता हे पत्र का, ते सांगतो. रविवारी आम्ही तुला न्यायला येतोय. मी चालवणार, चर्चला त्या दिवशी दांडी. तात्यांनी मला बजावलंय की पार्थला आधी कळवायचं नाही, कळवलं तर तो दार लावून घेईल. पण निघताना, मी गाडीत बसल्यावर, त्यांनी खिडकीत हात ठेवून विचारलं, "नोहा, तो न्हाई म्हनला तर?" एवढंच. असा आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. याचं उत्तर तुझ्याकडे आहे, पार्थ, म्हणून त्यांचा शब्द मोडून हे लिहितोय आणि आजच कुरिअरनं धाडतोय. तात्या येताना ते मडकं घेऊन मागच्या सीटवर बसणार आहेत, पाटकडेच्या रस्त्यापासून थेट तुझ्या दारापर्यंत. तुला बोलायचं नसलं तर बोलू नकोस. फक्त दार उघड, मडकं त्यांच्या हातून घे आणि झाकण काढून बघ. दही मोडलेलं असलं तर आम्हाला तसंच परत पाठव, मी ब्र काढणार नाही. आणि मोडलेलं नसलं, तर मुकाट्यानं गाडीत बस.

दार उघडशील या भरवशावर असलेला,
तुझाच,
नोहा