हात लावू नये

ता. ३ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

कलादालनात माझा भूलभुलैया उभा राहिला, पण आता मीच आडवी होणार अशी लक्षणं आहेत. आत मुद्दाम अंधार ठेवलाय. भिंती कापडाच्या, कुठे लोकर, कुठे मखमल, कुठे गोणपाट. लोकरीवर हात ठेवून चाललं की भिंतीतून सूर उमटतात आणि वाट सापडते. इतकं सोपं. पण हात लावतंय कोण? माणसं हात मागे बांधून येतात, पहिल्याच कोपऱ्यात धडकतात आणि परत फिरतात. ‘हात लावा’ अशी भलीमोठी पाटी लावली, तर ती वाचून हसतात आणि हात खिशात घालतात. त्यात इथले पहारेकरी काका. त्यांचा जन्म ‘हात लावू नये’ म्हणण्यात गेला. रोज समजावते, रोज मान डोलावतात, आणि माझी पाठ वळली की पुन्हा तेच.

पुढच्या रविवारपर्यंत हेच चाललं तर सगळं मोडून टाकू, असं दालनवाल्यांनी सुनावलंय. त्याआधी बाबांना आण ना. दृष्टी गेल्यापासून ते खोलीबाहेर पडले नाहीत, आणि हे मी त्यांच्यासाठीच केलंय. जन्मभर शिवणकाम केलेला माणूस, नुसतं चिमटीत धरून कापड ओळखायचा.

वहिनीला नमस्कार. लोभ पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी चिऊ

ता. ५ फेब्रुवारी

चि. चिऊस,
अ. उ. आ.

बाबा येत नाहीत. लोक भूलभुलैया सोडून मलाच बघत बसतील, म्हणाले.

तुला तिकडे भिंती शिवायला काय जातं? इथे मी मेटाकुटीला आलोय. काल स्वतः पाणी घ्यायला उठले, जग पाडला, कपाटाची काच फोडली, वर बोट कापून घेतलं. मी सांगून टाकलं, एका जागी बसा, कशाला हात लावू नका, हवं ते मागा. तेव्हापासून मागतही नाहीत. तुझी वहिनी म्हणते मी फार ओरडलो. असेन.

जेवणखाण वेळेवर कर. आशीर्वाद आहेतच.
दादा

ता. ७ फेब्रुवारी

ती. दादास,

नमस्कार पुढच्या वेळी, आत्ता डोकं फिरलंय. मखमल गोणपाटाला जोडली होती, ती शिवण आज उसवली. लोक तेवढ्याच भोकातून बाहेर पडतायत. आमच्या काकांना सुट्टी हवी असली तर पहाऱ्याला तुलाच बोलावते, तूही ‘हात लावू नका’च म्हणतोस. बाबांना हे वाचून दाखव.
चिऊ

ता. १३ फेब्रुवारी

चि. चिऊस,
अ. उ. आ.

परवा आम्ही आलो तेव्हा तू आत वायर जोडत बसली होतीस, म्हणून दाराशी काय झालं ते सांगतो. मखमलीला गोणपाट ऐकूनच बाबा भडकले होते. असं कुणी जोडतं का, शिवण धरणारच नाही, म्हणाले, आणि ती तपासायलाच निघाले. दाराशी त्यांनी भिंतीवर हात ठेवला आणि पहारेकरी काका सवयीने ओरडले. बाबा थबकले. मला वाटलं, संपलं, आता परत. तर म्हणाले, “हात लावू नको, तर बघू कशाने?”

काका गोरेमोरे झाले. बाबा आत गेले, सूर उमटला, आणि मागच्या माणसांनी एकेक करत खिशातून हात काढले. पुढचं तू ऐकलंसच. मोडणं रद्द झालं, बरं वाटलं. शिवण मात्र भिकार आहे, असं बाबांनी कळवायला सांगितलंय.

आज सकाळी ते भिंत धरून स्वयंपाकघरात गेले. मी उठलो, तोंड उघडलं आणि मिटलं. पेला फुटला. मी झाडू आणला. तोवर त्यांनी चाचपून दुसरा पेला घेतला होता.

पत्र धाड, बाबा वाट बघतात.
दादा