नस्तीबद्ध म्हणजे नाही

२८ ऑक्टोबर, मंगळवार
जेवणाच्या सुट्टीत तलवाड्याच्या सुमनबाई ऑफिसात आल्या. प्लास्टिकच्या पिशवीतून घडी केलेलं पत्र काढलं. "सायेब, पोरीला वसतिगृहात कवा आणून सोडू? आमची टोळी आयतवारी निघती उसाला."
पत्र आमच्याच शिक्षण कार्यालयाचं. मसुदा माझा. ‘उपरोक्त विषयान्वये आपला विनंती अर्ज निकषांच्या अधीन राहून तूर्त नस्तीबद्ध करण्यात येत आहे.’ म्हणजे अर्ज फायलीत बांधला, विषय संपला. त्यांना गावात कुणीतरी सांगितलं, बद्ध म्हंजे पक्कं. तीन महिने बाई निवांत. दरवर्षी त्यांची पोरगी नंदा आजीपाशी राहायची. यंदा आजी वारली, घरी कोणी नाही. पोरगी सातवीत.
"चौकशी करतो," म्हणालो. समोर बसून एवढंसुद्धा सांगवलं नाही की अर्ज नामंजूर झालाय.

२९, बुधवार
सौ.ला विचारलं, नस्तीबद्ध म्हणजे काय गं? भाजी निवडत म्हणाली, "नासलं वाटतं कायतरी." हसलो. मग जेवण गेलं नाही.
बावीस वर्षं मसुदे लिहितोय. माझ्या मसुद्याला साहेब हात लावत नाहीत, याचा केवढा ताठा होता.

३१, शुक्रवार
साहेबांना विचारलं, सरळ ‘नामंजूर’ का लिहायचं नाही?
"नामंजूर लिहिलं की माणूस भांडायला येतो. असं लिहिलं की वाट बघत बसतो. तुम्हाला काय नवीन सांगायचं?"
खरंय. नवीन नव्हतंच.

२ नोव्हेंबर, रविवार
सकाळच्या एसटीने तलवाडा. ट्रॅक्टर भरत होते. भांडी, गोधड्या, एक शेळी. मुकादम ओरडत होता, "साडेसात कोयते झाले, चला, उरका!"
सुमनबाईंना उभ्याउभ्याच सांगितलं. "बाई, तुमचा अर्ज तेव्हाच नामंजूर झालाय."
त्यांनी पिशवीतलं तेच पत्र काढून पुढे धरलं, "आन मंग तसं कावून न्हाई लिवलं?"
काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, कोयता अर्धा कसा असतो?
"नवराबायकोची जोडी म्हंजे एक कोयता. एकटं माणूस म्हंजे अर्धा." ट्रॉलीत बसलेल्या नंदाकडे बघत म्हणाल्या, "ह्यो अर्धा मपल्या पोरीचा."
तेरा वर्षांची आहे.
ट्रॉलीच्या फळीवर कागद ठेवून नवा अर्ज लिहिला, गेवराईच्या मुलींच्या वसतिगृहासाठी. साधा, सहा ओळींचा. सुमनबाईंनी अंगठा द्यायच्या आधी नंदाने तो मोठ्याने वाचून दाखवला. कुठेही अडखळली नाही.
परतताना गाडीत तेच डोक्यात. त्यांचाही शब्द मला कळला नव्हता. पण विचारल्याबरोबर एका दमात कळला. राबणाऱ्यांनी आपल्या कामासाठी केलेला शब्द, त्यात लपवायचं काही नाही. आमच्याकडेही तसे आहेत की. हजेरीपट, पटसंख्या. त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण ‘निकषांच्या अधीन राहून’? कोणते निकष? लिहिताना मलाच माहीत नव्हते.

७, शुक्रवार
अर्जासोबत माझं टिपण साहेबांपुढे ठेवलं. ‘या मुलीला राहायला जागा हवी. ती सध्या ऊसतोडीवर आहे. शाळा बुडते आहे.’
संध्याकाळी परत आलं. शेरा: भाषा कार्यालयीन करावी.
साहेब चिडले नव्हते. उलट जवळ येऊन हळूच म्हणाले, "तब्येत बरी आहे ना?"

१०, सोमवार
पुन्हा लिहिलं. ‘सदर विद्यार्थिनीच्या शैक्षणिक हितास्तव उचित कार्यवाही होणेस विनंती.’ सही पाच मिनिटांत. फाइल वर गेली.
ऊस, कोयता, शाळा, काहीच उरलं नाही त्यात. पण गेली तरी. बरं वाटायला हवं होतं.

१४, शुक्रवार
फाइलचं विचारायला वर फोन केला. "आवक झाली असेल." कुणाकडे? "संबंधितांकडे." संबंधित कोण, ते त्या माणसालाही सांगता येईना. तोही माझ्यासारखाच असणार कुणीतरी.

१९, बुधवार
दुपारी सुमनबाईंचा फोन. फडातून. मागे पाचटाचा आवाज, कुणीतरी बैलांना हाकारतंय.
"सायेब, पोरीचं काय झालं?"
"प्रक्रियेत आहे," म्हणालो. सवयीने तोंडातून गेलं.
"मंजी काय हो?"
फाइल कुणाच्या टेबलावर आहे मला माहीत नाही, एवढं तरी सांगायला हवं होतं. पुन्हा तेच ‘प्रक्रियेत’ म्हणालो. त्यांना वाटलं आपल्यालाच समजेना. "थांबा सायेब, पोरीला देते. तिला कळंल तुमचं." आणि लांब हाक, "नंदेऽ, टाक ती मोळी, हिकडं ये!"
मी फोन कानाला लावून बसलेला. पावलं आली. पोरीला दम लागला होता, ते ऐकू येत होतं.
"हां, सांगा सर," म्हणाली. आणि मी सांगितलं, "फाइल कुणाच्या टेबलावर आहे, मला माहीत नाही."