सातवी ब ची ओली फरशी

४ जुलै
विज्ञानाच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या. सातवी ब चं विज्ञान कोण घेणार, असं मोठ्या बाईंनी स्टाफरूममध्ये विचारलं. सगळे एकदम मान खाली घालून वह्या तपासायला लागले. मी हात वर केला. खरं तर मी पंखा वाढवा म्हणून खूण करत होतो. पण एकदा वर गेलेला हात खाली घेणं माझ्या स्वभावात नाही.

इतकी वर्षं इतिहास शिकवतोय. ज्याने मोठमोठ्या लढाया फळ्यावर जिंकून दाखवल्या, त्याला चंचुपात्राची कसली आलीय भीती!

४ जुलै, रात्रीच्या जेवणानंतर
घरी जाहीर केलं. बायको म्हणाली, बरं. कन्येने घास हातातच धरून विचारलं, सातवी ब? आमची सातवी ब?

कन्या यंदाच या शाळेत आली आहे. येतानाच तिने अट घातली होती: शाळेत ओळख दाखवायची नाही. म्हणून ती मागच्या गेटने जाते, मी पुढच्या. तिथे मी सर, घरी बाबा. आज तिने अट पुन्हा वदवून घेतली. मी मान्य केलं. मनात म्हटलं, पोरी, माझा तास एकदा बघ. मग तूच बाकावर उभी राहून सांगशील, हे माझे बाबा आहेत म्हणून. 

संकल्प: सहामाहीच्या आत तिच्या तोंडून, भर वर्गात, हे ऐकायचं.

५ जुलै
पहिला तास. दणक्यात. फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘या तासाला काय अपेक्षित आहे.’ खाली: आधी अंदाज करा. नीट बघा. मोजा. एकक लिहा. एका वेळी एकच गोष्ट बदला. मगच निष्कर्ष काढा. (हे पुस्तकाच्या पान दोनवर आहे, पण मी अनुभवातून आल्यासारखं सांगितलं.)

पहिल्या बाकावर एक चष्मेवाला बसतो. त्याला प्रत्येक वाक्याला शंका येते. मी त्याचं नाव शंकासुर ठेवलं आहे. त्याने विचारलं, सर, हे नियम तुम्हालाही लागू का? म्हटलं, शास्त्रात कुणाला सूट नसते. वर्ग गप्प झाला. वाक्यच तसं होतं.

कन्या शेवटच्या बाकावर. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. लिहून मात्र सगळं घेतलं.

८ जुलै
हवेचा दाब. काठोकाठ भरलेला ग्लास, त्यावर पुठ्ठा, ग्लास उलटा करायचा, पाणी पडत नाही. घरी सिंकवर चार वेळा केलं, चारही वेळा जमलं. वर्गात पुठ्ठा सापडेना, म्हणून वहीचा कागद घेतला. काय फरक पडतो? म्हटलं, मुलांनो, अगदी सोप्पं आहे. बघा, अगदी सोप्पं आहे.

हजेरीपट भिजला. शाई इतकी पसरली की आज अख्खा वर्ग गैरहजर दिसतोय.

शंकासुर म्हणाला, सर, घरी पुठ्ठा होता आणि इथे कागद. म्हणजे तुम्ही एक गोष्ट बदलली. मी त्याला बस म्हटलं. आज हवेतच दाब कमी होता, दुसरं काही नाही. 

शिपाईमामांनी फरशी पुसली. मुलं इतकी गुणी, की मामा फडकं पिळत होते तेव्हाही टक लावून बघत होती.

१५ जुलै
ज्वालामुखी. व्हिनेगर आणि खायचा सोडा. पुस्तकात दोन चमचे लिहिलंय, पण असा चिमूटभर ज्वालामुखी मागच्या बाकावर कसा दिसणार? मी पुडाच ओतला. दिसला. सगळ्यांना दिसला. पुढच्या तीन बाकांना तर जरा जास्तच.

एक गोष्ट नोंदवून ठेवतो: मी बोलत असताना पाच-सहा मुलं बोटांवर काहीतरी मोजतात. कन्याही त्यांच्यात आहे. मुद्दे मोजत असणार. इतकं बारीक लक्ष इतिहासाला कधी नव्हतं.

२२ जुलै
नळीने वरच्या बादलीतलं पाणी खालच्या बादलीत आणायचं. पाणी दिसावं म्हणून निळी शाई घातली होती. नळी तोंडाने ओढायची आणि वेळेवर सोडायची. सोप्पं आहे म्हणता म्हणता सोडायची राहून गेली. शर्ट गेला. दुपारी पालकसभा होती, तिथे तोंड न उघडता बसलो. मोठ्या बाई नंतर म्हणाल्या, आज तुम्ही फार समजूतदारपणे वागलात.

घरी बायकोने जीभ बघून दार लावून घेतलं आणि आतून हसण्याचा आवाज आला. कन्या हसली नाही. तिने विचारलं, बाबा, सुरुवातीला तुम्ही किती वेळा म्हणालात, सोप्पं आहे? सात की आठ? आमच्यात वाद चाललाय.

पोरगी माझं वाक्य न् वाक्य टिपून घेतेय! ऊर भरून आला.

२९ जुलै
घसा बसला. आवाज पूर्ण गेला. रजा टाकणार होतो, तर कन्याच म्हणाली, नका टाकू, बाबा. नुसतं या आणि करा. डोळे चमकत होते तिचे.

आज बाटलीत अंडं घालायचं होतं. उकडलेलं, सोललेलं. बाटलीत जळता कागद टाकायचा, तोंडावर अंडं ठेवायचं. एक शब्द न बोलता केलं. पुस्तकात होतं तसंच केलं, कारण दुसरं काही सुचून सांगायला आवाजच नव्हता. अंडं सुळ्‌कन आत!

वर्ग वेडा झाला. बाकं बडवली. शंकासुर ओरडला, शून्याला शून्य! आणि त्या पाच-सहा जणांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. शून्य का म्हणाला ते कळलं नाही, पण शास्त्रात शून्याला मोठा मान आहे. कन्येने टाळ्या वाजवल्या. मी स्वतः पाहिलं.

निष्कर्ष: मी आता या विषयात मुरलो आहे.

५ ऑगस्ट
घसा मोकळा झाला. तरंगणं आणि बुडणं. याविषयी काही लिहीत नाही. शिपाईमामा माझ्याशी बोलत नाहीत.

१९ ऑगस्ट
पुढच्या आठवड्यात विज्ञान प्रदर्शन. पाहुणे म्हणून वेधशाळेतले एक मोठे शास्त्रज्ञ येणार. उद्घाटनाचा प्रयोग मी करणार, असं मी सुचवलं. मोठ्या बाई बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिल्या आणि मग म्हणाल्या, पाण्याचा नको.

नाही तर नाही. लंबक करतो. छताच्या हुकाला दोरी, दोरीला जड गोळा. गोळा नाकाला लावून सोडून द्यायचा आणि जागचं हलायचं नाही. तो जातो, परत येतो, आणि नाकाच्या अलीकडेच थांबतो. लोकांचा श्वास अडकतो, आपला नाही. पीटीच्या सरांनी गोळाफेकीचा गोळा द्यायला साफ नकार दिला. वरून माझ्या नाकाकडे बघून म्हणाले, बास्केटबॉल घ्या. मत्सर, दुसरं काय!

कन्या आणि शंकासुर यांच्या गटाचा प्रकल्प गुप्त आहे. तक्त्यावर पडदा टाकलाय. विचारलं तर म्हणाली, सर, प्रदर्शनात बघा. बहुधा माझ्या अध्यापनावर आहे. मी आग्रह केला नाही. सरप्राइज मोडू नये.

२५ ऑगस्ट, सकाळी
आज दिवस माझा. भाषण पाठ आहे.

निघताना कन्येने बाही धरली. म्हणाली, बाबा, आज काही बोलू नका ना. नुसतं करा. प्लीज. अगदी रडकुंडीला आली होती. माझ्यासाठी तिलाच धडधडतंय! डोक्यावर हात ठेवून म्हटलं, बाळा, अगदी सोप्पं आहे. तिने कपाळाला हात लावला.

२५ ऑगस्ट, संध्याकाळ
जे झालं ते शास्त्रीय क्रमाने लिहितो.

हॉल भरलेला. भाषण छान झालं. शेवटच्या रांगेलाही दिसावं म्हणून चेंडू नुसता सोडला नाही, जरासा ढकलला. मग बोलण्याच्या भरात एक पाऊल पुढे गेलो. पाहुण्यांकडे वळून अगदी सोप्पं आहे म्हणत असतानाच चेंडू परत आला.

नाकावर बसला. मी मागे गेलो. मागे सहावीचा ‘काय तरंगतं, काय बुडतं’ हा स्टॉल होता. मोठा टब. मी त्यात बसलो. तरंगलो नाही.

सगळा हॉल हसत होता. मोठ्या बाईसुद्धा. त्या गडबडीत शेजारच्या तक्त्यावरचा पडदा पडला आणि टबात बसल्या बसल्या मी तो वाचला. ‘सातवी ब: आत्मविश्वास आणि फरशी.’ आडव्या अक्षावर, प्रयोगाआधी सर किती वेळा ‘सोप्पं आहे’ म्हणाले. उभ्या अक्षावर, शिपाईमामांनी फडकं किती वेळा पिळलं. एकक: पिळा. बिंदू बिंदू जोडत रेघ सरळ वर चढलेली. अगदी खाली, कोपऱ्यात, एकच बिंदू शून्यावर. त्याशेजारी लिहिलंय, घसा बसला तो दिवस. आणि निष्कर्ष: दोष सरांच्या हाताचा नाही. सर गप्प असले की सगळं जमतं.

एकक लिहिलं होतं. एका वेळी एकच गोष्ट बदलली होती. मी शिकवलं होतं तस्सं. आता रागवायचं तरी कुणावर?

नाकातून रक्त येत होतं, म्हणून मी नाक वर करून बसलो होतो. तेवढ्यात कन्या धावत आली. रुमाल नाकाला लावला, डोकं पुढे वाकवलं, म्हणाली, मागे नाही, पुढे. मागून शंकासुर तणतणत आला. पाहुण्यांसमोरच तिला म्हणाला, तू नमुन्याला आधीच सावध केलंस, हो ना? हे शास्त्रात बसत नाही. सगळं बिघडलं असतं!

कन्या गर्रकन वळली. केवढ्याने ओरडली! नमुना नाहीत ते, माझे बाबा आहेत!

हवं होतं ते ऐकलं मी. भर वर्गात नव्हे, भर शाळेत. टबात बसून, रुमाल नाकाला लावून. डोळ्यांत पाणी आलं. नाकावर मार बसला की येतंच.

मग शिपाईमामा बादली घेऊन आले. कन्येने एका हाताने माझं नाक दाबून धरलं आणि दुसऱ्या हाताची बोटं मोजायला लागली.

२६ ऑगस्ट
पहिलं बक्षीस. पाहुणे म्हणाले, इतका स्वच्छ आलेख फार दिवसांत बघितला नव्हता. नवा बिंदू बरोबर रेघेवर पडला. विज्ञानाच्या बाई लवकर रुजू होतील का, म्हणून मोठ्या बाईंनी त्यांना फोन केल्याचं कळलं. प्रशस्तिपत्रावर ‘मार्गदर्शक शिक्षक’ ही जागा रिकामी आहे. पालकांच्या सहीची जागा होती, तिथे मी केली.

आज कन्या माझ्याबरोबर पुढच्या गेटने आली.

आता घरी. स्वयंपाकघरातला नळ गळतोय. बायको म्हणाली, प्लंबरला बोलावते. म्हटलं, कशाला? अगदी सोप्पं आहे.

कन्या उठली. पेन आणलं. बायको फडकं आणायला गेली.